लसूण ठेचल्यावर नेमकं काय होतं? ॲलिनेज ओळखण्यासाठी घरच्या घरी करायचे प्रयोग

लसणाची सोललेली, कुठेही न चिरलेली पाकळी नाकाजवळ धरा. वास जवळजवळ येतच नाही. तीच पाकळी खलबत्त्यात घालून एक घाव घाला, शेजारच्या खोलीतल्या माणसालाही कळतं. मधल्या तेवढ्या क्षणात गंधकाची एक रासायनिक क्रिया घडून गेलेली असते. ती घडवणाऱ्या एन्झाइमचं, म्हणजे पाठ्यपुस्तकातल्या विकराचं, नाव ॲलिनेज.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या मराठी शाळांत विकरं शिकवताना गाडी बहुधा लाळेतल्या अमायलेजपाशी आणि आयोडीनच्या थेंबापाशी थांबते. प्रयोगशाळा लहान, रसायनं मोजकी, हे कारण खरंच आहे. पण लसणाला यातलं काहीच लागत नाही. खलबत्ता, वाट्या, लिंबू, इडलीचं भांडं आणि नाक एवढ्यावर खराखुरा विकराचा प्रयोग होतो, तोही तुलनेच्या वाटीसकट, शास्त्रज्ञ करतात तसा. विज्ञानाचे नवे शिक्षक, प्रदर्शनासाठी विषय शोधणारी मुलं आणि रोज खर्डा ठेचणारी घरची मंडळी या तिघांसाठी हे लिहितो आहे. प्रयोग क्रमानेच करा, कारण पहिला केल्याशिवाय दुसऱ्यातली गंमत कळत नाही.

आधी एवढं समजून घ्या

लसणाच्या पाकळीत ॲलिइन नावाचा गंधकयुक्त पदार्थ साठवलेला असतो. सिस्टीन या अमिनो आम्लापासून वनस्पती तो तयार करते. ताज्या लसणाच्या वजनात तो साधारण एक टक्क्याच्या आसपास भरतो आणि त्याला वास नसतो. ॲलिनेजही त्याच पाकळीत असतं, पण वेगळ्या कप्प्यात. एका घरात राहणारी, मधे भिंत असलेली दोन माणसं म्हणा. तुम्ही ठेचता, चिरता किंवा चावता तेव्हा ही भिंत पडते.

मग ॲलिनेज ॲलिइनचा रेणू तोडतं. त्यातून पायरुव्हेट आणि अमोनिया बाहेर पडतात आणि एक अतिशय चंचल गंधकयुक्त आम्ल तयार होतं. त्या आम्लाचे दोन रेणू एकत्र आले की ॲलिसिन बनतं. ठेचलेल्या लसणाचा झणका म्हणजे मुख्यतः हेच. या कामात ॲलिनेजला ब६ जीवनसत्त्वापासून बनणाऱ्या एका सहविकराची मदत लागते. लसणाच्या पाकळीतल्या एकूण प्रथिनांचा सुमारे दहावा हिस्सा एकट्या ॲलिनेजचा असतो. एखाद्या वनस्पतीने एकाच विकरावर इतका खर्च करावा हे मला अजूनही विलक्षण वाटतं. पण कारण उघड आहे. पाकळी कुरतडणाऱ्या किड्याला पहिल्याच चाव्यात चटका बसायला हवा, आणि त्यासाठी क्रिया क्षणात व्हायला हवी.

ॲलिसिन वेगळं काढलं ते अमेरिकेत, चेस्टर कॅव्हॅलिटो आणि जॉन बेली यांनी, १९४४ साली. त्यानंतर थोड्याच वर्षांत स्वित्झर्लंडच्या बाझेल शहरात आर्थर श्टोल आणि एवाल्ड झेबेक यांनी ॲलिइन शोधलं आणि ॲलिसिन त्यापासून, विकराच्या मदतीने, तयार होतं हे दाखवलं. आधी वास सापडला, मग त्याचं मूळ. आपणही याच क्रमाने जाऊ.

पहिला प्रयोग : पाच वाट्या

एकाच गड्ड्यातल्या, सारख्या आकाराच्या पाच पाकळ्या सोलून घ्या. सोलताना नखाने ओरखडा पडू देऊ नका.

पहिल्या वाटीत अख्खी पाकळी ठेवा. दुसरीत सुरीने जाड काप करून ठेवा. तिसरीत खलबत्त्यात बारीक ठेचून. चौथ्या वाटीसाठी खलबत्त्यात आधी दोन चमचे लिंबाचा रस घाला आणि पाकळी रसातच बुडवून ठेचा. पाचव्यासाठी पाकळी आधी ठेचा, दहा मिनिटं झाकून ठेवा आणि मग तेवढाच लिंबाचा रस घाला. दर वेळी खलबत्ता धुऊन, पुसून कोरडा करा, नाहीतर आधीच्या लसणातलं विकर पुढच्या वाटीत शिरेल. सगळ्या वाट्यांवर ताटल्या झाका.

पाचव्या वाटीत रस घातल्यावर आणखी दहा मिनिटांनी वास घ्यायला सुरुवात करा. यात दोन गोष्टी पाळा. वास घेणारा आणि चिरणारा वेगवेगळा हवा, कारण चिरणाऱ्याच्या बोटांना वास लागलेला असतो आणि त्याला दुसरं काही कळत नाही. आणि सौम्य वाटीपासून तीव्र वाटीकडे जा. तीव्र वास आधी घेतला की नाक थकतं. वर्गात करत असाल तर वाट्यांना फक्त खुणा घाला, कुठल्या वाटीत काय ते वास घेणाऱ्याला सांगू नका आणि किमान पाच-सहा जणांची मतं लिहून काढा.

अख्खी पाकळी जवळजवळ गप्प असते, कापांना मध्यम वास येतो, ठेचलेल्याला सगळ्यात जास्त. जितक्या पेशी फुटतील तितकी क्रिया. खरी बघण्याची गोष्ट चौथी आणि पाचवी वाटी. दोन्हींत लसूण तितकाच, लिंबूही तितकंच, तरी चौथीचा वास पाचवीपेक्षा बराच मवाळ निघतो. लसणातलं ॲलिनेज साडेसहा-सातच्या आसपासच्या सामूला (पीएचला, तो जितका कमी तितकं आम्ल जास्त) सगळ्यात चांगलं चालतं आणि सामू साडेतीनच्या खाली गेला की निकामी होतं. लिंबाच्या रसाचा सामू दोन-अडीच असतो. चौथ्या वाटीत पेशी फुटल्या त्याच क्षणी विकर आम्लात सापडलं. पाचवीत लिंबू पोचेपर्यंत ॲलिसिन बनून गेलं होतं, आणि बनलेलं ॲलिसिन लिंबू काही परत घेत नाही. म्हणजे लिंबू वासाला मारत नाही, वास बनवणाऱ्याला मारतं. हे वाक्य मुलांनी स्वतःच्या तोंडाने म्हणेपर्यंत उत्तर सांगू नका.

दुसरा प्रयोग : मेलेल्या लसणाला जाग

हा माझा सर्वांत आवडता प्रयोग, म्हणून जरा सावकाश सांगतो.

पाच-सहा मध्यम पाकळ्या न चिरता इडलीच्या भांड्यात ठेवा आणि वाफ धरल्यावर दहा मिनिटं वाफवा. पाण्यात उकडू नका, कारण ॲलिइन पाण्यात विरघळतं आणि बरंचसं त्या पाण्याबरोबर निघून जातं. वाफवून झाल्यावर पाकळ्या पूर्ण गार होऊ द्या. मग कुस्करा. लोण्यासारखा गोळा होईल, गोडसर शिजका वास येईल, पण झणका नाही. साठ अंशांच्या वर ॲलिनेज फार टिकत नाही, आणि इथे पेशी फुटायच्या आधीच ते गेलेलं आहे. ॲलिइन मात्र बरंचसं तिथेच पडून आहे. त्याला तोडणारं कुणी उरलेलं नाही, एवढंच.

हे खरं आहे की मी सांगतो म्हणून मानायचं? तपासू. एक बटाटा उकडून, गार करून, कुस्करून ठेवा. एक कच्ची पाकळी बारीक ठेचा आणि दोन मिनिटं तशीच राहू द्या, म्हणजे तिचं स्वतःचं ॲलिइन संपत येईल. आता तीन वाट्या मांडा.

अ वाटीत दोन चमचे वाफवलेल्या लसणाचा गोळा, वर एक चमचा पाणी, बाकी काही नाही.
ब वाटीत तेवढाच गोळा, तेवढंच पाणी आणि हरभऱ्याएवढा कच्चा ठेचलेला लसूण.
क वाटीत दोन चमचे उकडलेला बटाटा, तेवढंच पाणी आणि तेवढाच कच्चा लसूण.

तिन्ही नीट कालवा, झाका, पंधरा मिनिटं थांबा. अ मध्ये शिजका वास. क मध्ये त्या हरभऱ्याएवढ्या कच्च्या लसणाचा वास, बटाट्यात मुरलेला, बेताचा. ब ची ताटली उचलल्यावर मात्र झणका क पेक्षा ठळक यायला हवा. कच्चा लसूण दोन्हींत सारखाच होता, मग जास्तीचा वास आला कुठून? वाफवलेल्या गोळ्यातल्या ॲलिइनमधून. कच्च्या कणातल्या ॲलिनेजला नवं काम मिळालं आणि त्याने ते केलं. विकर क्रियेत खर्च होत नाही हे पाठ्यपुस्तकातलं वाक्य इथे नाकाला कळतं.

क वाटी गाळायचा मोह होईल, बटाटा कशाला म्हणून. ती गाळलीत तर ब चा वास कच्च्या लसणाचाच आहे असं कुणीही म्हणेल आणि तुमच्याकडे उत्तर नसेल. परीक्षकासमोर प्रकल्प ठेवायचा असेल तर ही बटाट्याची वाटी सगळ्यात पुढे ठेवा.

फरक जाणवला नाही तर पहिली शंका गोळा कोमट असतानाच कालवल्याची घ्या. दुसरी, पाकळ्या वाफेऐवजी पाण्यात उकडल्याची. लसूण जुना, पोचट झालेला असेल तरी वास कमी येतो.

कांद्याचं प्रकरण थोडं वेगळं

कांद्यातही ॲलिनेज असतं, पण तिथे साठवलेला पदार्थ ॲलिइनचा भाऊबंद, आयसोॲलिइन. त्यापासून बनणारं चंचल आम्ल एक दुसरं विकर पकडतं आणि त्याचा उडून जाणारा वायू करतं. तो डोळ्यातल्या ओलाव्यात मिसळला की पाणी येतं. हे दुसरं विकर जपानी संशोधकांनी २००२ साली जाहीर केलं. तोपर्यंत सगळं श्रेय, किंवा दोष म्हणा, ॲलिनेजलाच दिलं जायचं. त्या संशोधकांना २०१३ साली इग नोबेल मिळालं. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात तो हा पुरस्कार. २००८ मध्ये न्यूझीलंडच्या गटाने याच विकराचं जनुक दाबून डोळ्यांत पाणी न आणणारा कांदा करून दाखवला.

घरी करायची गोष्ट सोपी. एक कांदा अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा, दुसरा बाहेर. विळीची धार चांगली करून घ्या, बोथट पात्याने पेशी जास्त चिरडतात. गार कांद्यात विकरही मंदावतं आणि वायूही कमी उडतो. बेळगावच्या बाजारात कधी विजयपूर-बागलकोटकडचा कांदा असतो, कधी महाराष्ट्रातला. एकाच दिवशी दोन्ही मिळाले तर तुलना करून बघा.

पदवीला असाल आणि कॉलेजात कलरीमीटर असेल तर एक पाऊल पुढे जाता येतं. ॲलिनेजच्या क्रियेत जितका झणका, तितकं पायरुव्हेट. म्हणून कांद्याचा तिखटपणा पायरुव्हेट मोजून ठरवतात, ही पद्धत श्विमर आणि वेस्टन यांनी १९६१ साली दिली. तपासायच्या कांद्यांपैकी काही आधी न कापता मायक्रोवेव्हमध्ये गरम करून त्यांतलं विकर मारायचं आणि मग त्यांचा रस काढायचा. त्यात जे पायरुव्हेट सापडेल ते मूळचं, ते वजा करायचं.

स्वयंपाकघरात याचा उपयोग

ठेचलेला लसूण दहा मिनिटं ठेवून मग तेलात टाका, असा सल्ला हल्ली सगळीकडे ऐकू येतो. तो बरोबर आहे, पण नीट समजून घ्या. अगदी बारीक ठेचलेल्या लसणात बहुतेक क्रिया पहिल्या मिनिटभरात होऊन जाते. जाड कापांत पेशी कमी फुटतात, रस हळूहळू मिसळतो, तिथे वेळ जास्त लागतो. दहा मिनिटं म्हणजे सगळ्यांना पुरेल असा अंदाज. आणि आमटीच्या फोडणीत खमंग, गोडसर लसूणच हवा असेल तर थांबायचं कारणच नाही, अख्खी पाकळी सरळ गरम तेलात टाका.

खर्ड्याचं मात्र सांगायलाच हवं. मिरच्या आणि लसूण तव्यावर तेल सोडून भाजतात आणि मग ठेचतात, तेव्हा पाकळ्या अख्ख्या भाजल्या गेल्यामुळे विकर गेलेलं असतं. तो खर्डा मिरचीने तिखट लागतो, लसणाने नाही. लसणाचा जोर हवा असेल तर दोन पाकळ्या कच्च्या बाजूला ठेवा आणि तवा गार झाल्यावर, ठेचताना मिसळा. भाजलेल्या पाकळ्यांत काही ॲलिइन उरलेलं असतंच. कच्च्या पाकळ्यांचं ॲलिनेज त्यावरही काम करतं, अगदी ब वाटीत झालं तसं. उन्हाळ्यात कांदा-लसूण चटणी डंकावर कुटून आणताना बऱ्याच घरांत कांदा वाळवून तळलेला आणि लसूण कच्चा असतो. कांद्याचा गोडवा आणि लसणाचा झणका एकत्र येतो तो यामुळे.

लसणाचं लोणचं हिरवं-निळं पडलं की घरात घाबरगुंडी उडते, बरणी फेकून देतात. फक्त रंग बदलला असेल, बुरशी नसेल, तर ते फेकायची गरज नाही. लसणातही थोडं आयसोॲलिइन असतं आणि थंडाव्यात साठवलेल्या लसणात ते वाढतं. ॲलिनेजने ते तोडलं की जे पदार्थ बनतात ते अमिनो आम्लांशी जुळून, लिंबाच्या किंवा व्हिनेगरच्या आंबटपणात, हिरवी-निळी रंगद्रव्यं तयार करतात. चीनमध्ये लाबा लसूण मुद्दाम असाच हिरवा करतात. तुम्हाला पांढराच हवा असेल तर पाकळ्या आधी थोड्या वाफवून, गार करून मग लिंबात घाला. विकर गेलं की रंगही गेला.

गंधक येतं कुठून

मातीतून. मुळं सल्फेट शोषतात. एटीपी सल्फ्युरिलेज नावाचं विकर त्या सल्फेटला क्रियेसाठी तयार करतं, पुढे त्याचं सल्फाइट, मग सल्फाइड आणि शेवटी सिस्टीन होतं. त्या सिस्टीनपासून ॲलिइन. माणसाच्या शरीराला सल्फेटपासून सिस्टीनपर्यंतचा हा रस्ता येत नाही. आपल्याला गंधकाची अमिनो आम्लं अन्नातूनच घ्यावी लागतात.

खानापूरच्या बाजूला, कणकुंबीकडे, पाऊस इतका पडतो की सल्फेट मातीतून वाहून जायला वेळ लागत नाही. हलक्या, सेंद्रिय पदार्थ कमी असलेल्या जमिनीत तर ते आणखीच लवकर जातं. त्यात युरिया आणि डीएपी या दोन्ही खतांत गंधक नसतं, आणि ज्यांची सगळी भिस्त या दोन पोत्यांवर असते त्यांच्या हे लक्षात येत नाही. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये ते सुमारे ११ टक्के असतं, अमोनियम सल्फेटमध्ये २३-२४ टक्के. लसूण-कांदा लावणार असाल तर कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात माती तपासणीसाठी देताना गंधकाचा आकडा आवर्जून विचारा. उपलब्ध गंधक दहा लाख भागांत १० भागांपेक्षा कमी असेल तर जमीन कमतरतेची समजतात.

शाळेसाठी यातून हिवाळ्याचा छान प्रकल्प होतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास दोन कुंड्यांत धुतलेली वाळू भरा. शेणखत घालू नका, त्यातही गंधक असतं. एका कुंडीला नत्र युरियातून द्या, दुसरीला अमोनियम सल्फेटमधून. नत्र सारखं राहायला हवं. युरियात ते ४६ टक्के आणि अमोनियम सल्फेटमध्ये साडेवीसच्या आसपास, म्हणून एक ग्रॅम युरियाच्या जागी सव्वादोन ग्रॅम अमोनियम सल्फेट. स्फुरद दोन्हींना डीएपीतून, सारखंच द्या, सुपर फॉस्फेट वापरलंत तर गंधक दोन्हीकडे जाईल आणि प्रयोग फसेल. पालाशही म्युरेट ऑफ पोटॅशमधून. खतं थोडी-थोडी, पाण्यात विरघळवून घाला. पाणी दोन्हींना एकच, साठवलेलं पावसाचं असेल तर उत्तम, कारण बोअरच्या पाण्यातही सल्फेट असू शकतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये लसूण काढा, सावलीत वाळवा आणि दोन्हींची एकेक पाकळी ठेचून मुलांकडून, कुठली कुठल्या कुंडीतली ते न सांगता, वास घेऊन घ्या. पानं वाढत असतानाही लक्ष ठेवा. गंधक कमी पडलं तर आधी कोवळी पानं पिवळी पडतात, नत्र कमी पडलं तर जुनी.

सांभाळून

ठेचलेला लसूण कातडीवर बांधून ठेवू नका. चामखीळ, दातदुखी, सांधेदुखी यांवर हा उपाय गावोगाव सांगितला जातो, पण ॲलिसिनने कातडी खरंच भाजते, लहान मुलांची तर लगेच. परीक्षानळीतल्या जिवाणूंना ते मारतं म्हणून आजारात औषधाची जागा घेत नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांनी कच्चा लसूण वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

कच्चा लसूण तेलात बुडवून बाटली ओट्यावर ठेवणं धोक्याचं आहे. तेलाखाली हवा पोचत नाही आणि बोट्युलिझमचे जिवाणू तिथे वाढू शकतात, वासावरून ते कळतही नाही. असं तेल थोडंच करा, फ्रीजमध्ये ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा.

प्रयोगातला उरलेला कांदा-लसूण कुत्र्या-मांजरांपुढे टाकू नका. कांद्याचा भाव पडला की ढीगच्या ढीग गाई-म्हशींपुढे ओतले जातात, तेही टाळा. याच गंधकाच्या पदार्थांनी जनावरांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. गाय या बाबतीत शेळी-मेंढीपेक्षा जास्त नाजूक. जनावराने भरपूर कांदा खाल्ला आणि त्यानंतर काही दिवसांत ते सुस्त झालं, लघवी लालसर-तपकिरी दिसली, तर वाट न पाहता पशुवैद्याला बोलवा आणि कांदा खाल्ल्याचं आधी सांगा.